साखरेच्या बेटावर लोकरीचे स्वेटर: स्वातंत्र्यानंतरचा मॉरिशस

विणकर_इचलकरंजी

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे मधुचंद्राचे फोटो निघतात, नाहीतर कर वाचवायला तिथे नोंदवलेल्या कंपन्यांची चर्चा. मी तिथे १९८७ ते १९९० अशी तीन वर्षं काढली. लोकरी स्वेटर बनवणाऱ्या एका कारखान्यात विणाई खातं बघायचो. या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. त्या देशाच्या प्रगतीबद्दल जे जे वाचतो त्यात धोरणं असतात, करार असतात, मंत्री असतात. ज्यांच्या बोटांवर तो सगळा डोलारा उभा राहिला त्या पोरी कुठेच नसतात.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बेट केवढं, तर जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटर. लागवडीखालच्या जमिनीत जवळजवळ सगळीकडे ऊस. खायचा तांदूळ ब्रह्मदेशातून यायचा. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि तांदूळ बंद झाला. लोकांनी मका आणि कसावा लावून, खाऊन दिवस काढले. त्याच काळात, २७ सप्टेंबर १९४३ ला, बेल व्ह्यू हारेल इथे संपावरच्या ऊसमजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत अंजले कुपेन नावाची गरोदर मजूर बाई होती. आज तिथल्या मोठ्या स्टेडियमला तिचं नाव आहे.

युद्ध संपलं आणि दोन गोष्टी झाल्या. १९४८ च्या राज्यघटनेने कुठल्याही भाषेत साधं लिहितावाचता येणाऱ्याला मत दिलं. वासुदेव विष्णुदयाळ आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव, रात्री कंदिलाच्या उजेडात मजुरांना अक्षरं गिरवायला लावली. मतदार बारा हजारांच्या आत होते ते एकदम सत्तर हजारांवर गेले. एका निवडणुकीपुरती शिकलेली ती अक्षरं होती, पण तिथून मळ्यांच्या मालकांची एकहाती सत्ता सुटली ती सुटलीच.

दुसरी गोष्ट मलेरियाची. १९४९ पासून डीडीटीची फवारणी झाली, मलेरिया हटला, मृत्यू घटले. १९५२ मध्ये पाच लाख असलेली वस्ती १९६२ मध्ये ६ लाख ८० हजारांवर गेली. ऊस तेवढाच, जमीन तेवढीच. त्यात फेब्रुवारी १९६० मध्ये कॅरोल चक्रीवादळ आलं. पत्र्याची, गवताची घरं उडून गेली. आज तिथे सिमेंटच्या सपाट छपराची जी घरं दिसतात त्यांची सुरुवात कॅरोलनंतरची.

१९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाचा अहवाल आला. एवढ्या माणसांना काम कुठून मिळणार, भविष्य अंधारातच दिसतं, असा त्याचा सूर. मीडना पुढे नोबेल मिळालं, त्यामुळे 'नोबेल विजेत्याचं भाकीत मॉरिशसने खोटं पाडलं' हे वाक्य प्रत्येक लेखात असतं. मला ते अर्धवट वाटतं. त्याच अहवालात मीडनी उपायही सांगितला होता: कुटुंबनियोजन करा, मजुरी आवाक्यात ठेवा, आणि ज्याला भरपूर हात लागतात असे कारखाने काढा. पुढे झालं ते बरंचसं हेच. प्रश्न एवढाच उरतो की मजुरी आवाक्यात ठेवायची म्हणजे कोणाची?

१२ मार्च १९६८ ला, दांडीयात्रेच्या तारखेला, पोर्ट लुईच्या शां द मार्स मैदानावर चार रंगांचा झेंडा चढला. सगळा देश आनंदात होता असं मात्र नाही. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या बाजूला पडली होती. जानेवारीत पोर्ट लुईत क्रेओल (आफ्रिकी वंशाचे ख्रिस्ती) आणि मुसलमान वस्त्यांत दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य आणावं लागलं. समारंभाला यायच्या होत्या त्या राजकन्या अलेक्झांड्रा यांचा दौरा रद्द झाला. अशा अवस्थेत पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांच्या हातात देश आला. निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त साखर, आणि घराघरात बिनकामाची तरणी पोरं.

१९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा (एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन) कायदा झाला, म्हणजे माल बाहेर पाठवणाऱ्या कारखान्यांना करात सवलत. एदुआर लिम फात हे तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक, तैवान वगैरे बघून आलेले, ते याच्या मागे होते. तैवानसारखं कुंपण घालून वेगळा भाग करायचा नाही, कारखाना बेटावर कुठेही काढा, सवलत तीच मिळेल, असं ठरलं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारखाने खेड्यांच्या तोंडाशी गेले. मुलगी घर सोडून शहरात खोली घेऊन राहतेय असं करावं लागलं नाही. सकाळी व्हॅन यायची, संध्याकाळी सोडायची. बापांनी परवानगी दिली ती या व्हॅनमुळे.

आता माझ्या खात्याशेजारचं लिंकिंग खातं सांगतो, कारण ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

स्वेटरचे पुढचा, मागचा आणि बाह्या असे भाग वेगवेगळे विणून येतात. खांदा आणि गळा शिवणयंत्रावर जोडला तर जाड शिवण येते, अंगाला टोचते. म्हणून लिंकिंग. एक गोल तबकडी असते, तिच्या कडेने सुईसारखे बारीक दाते. विणीतला एकेक टाका एकेका दात्यावर चढवायचा. एकही सुटता कामा नये. सुटला तर धुलाईत तिथून वीण उसवते. वरून ट्यूबलाइट, समोर गडद निळी किंवा काळी लोकर. काळ्या लोकरीतले टाके बघताना पोरी तबकडीवर एवढ्या वाकायच्या की कपाळ जवळपास टेकायचं. सतरा-अठरा ते पंचविशीतल्या. सगळ्यांत वेगवान जी होती ती बोटांनी टाके ओळखायची, दर टाका बघायला तिला डोळ्यांची गरज लागत नसे. मी तिला विचारलं होतं, शिकायला किती दिवस लागले? म्हणाली, सहा महिने, पहिले दोन महिने रोज रडत घरी जायचे.

आठवड्याला ४५ तास, वर १० तास जादा काम कायद्यानेच सक्तीचं. ऑर्डर जहाजावर चढायची असेल तर त्याहून जास्त. बायकांचं किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी. हे सगळं कागदावर छापलेलं होतं, लपवलेलं नव्हतं.

१९८२ मध्ये या क्षेत्रात तेवीस-चोवीस हजार माणसं होती, १९८८ पर्यंत नव्वद हजारांच्या घरात गेली. त्यांत बहुसंख्य बायका. बेकारी संपली म्हणतात ती अशी संपली. इतर कुणी तिकडे राहिलेलं, काम केलेलं असेल तर जरूर लिहा.

---

सागरिका

फार छान लिहिलंय. एक साधा प्रश्न. उष्ण कटिबंधातलं बेट, मेंढ्या नाहीत, थंडी नाही. मग लोकरी स्वेटरच का? टी-शर्ट समजू शकते.

---

विणकर_इचलकरंजी

सागरिका, पहिल्या दिवशी माझाही हाच प्रश्न होता. लोकर ऑस्ट्रेलियातून यायची, माल युरोपात जायचा, बेटावर फक्त हात होते. कारण कोट्याचं आहे. हाँगकाँगचे कारखानदार स्वेटरमध्ये तरबेज, पण युरोपने त्यांच्या मालावर मर्यादा घातलेली. मॉरिशस १९७२ मध्ये युरोपशी व्यापाराच्या याउंदे कराराला जोडला गेला, पुढे त्याच्या जागी १९७५ चा लोमे करार आला, त्यामुळे तिथून निघालेला माल युरोपात जकातीविना जायचा. मग हाँगकाँगवाले यंत्रं आणि उस्ताद घेऊन मॉरिशसला आले. पुढे १९९७ ला हाँगकाँग चीनकडे जाणार हे ठरल्यावर आणखी आले. बेटावर जुना चिनी समाज होताच. गावातल्या कोपऱ्यावरचं उधारीचं दुकान त्यांचंच असायचं, त्यामुळे आलेल्यांना बोलायला माणसं मिळाली. बघता बघता मॉरिशस जगातल्या मोठ्या लोकरी विणमाल निर्यातदारांत जाऊन बसला.

आणि थंडीचं म्हणाल तर क्युरपिपला या. पठारावरचं गाव, वर्षातले कितीतरी दिवस पाऊस. जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, मी कारखान्यातूनच घेतलेला स्वेटर घालायचो.

---

खोडवा_वाळवा

दादा, स्वेटरचं ठीक आहे, पण मूळ भांडवल उसाचं होतं हे तुम्ही ओझरतं सांगून पुढे गेलात. आम्ही ऊसवाले, म्हणून लिहितो.

१९७४ च्या शेवटी जगात साखरेचा भाव कधी नव्हे तो वर गेला, पौंडाला साठ सेंटच्या वर. मॉरिशसच्या मालकांकडे पैसाच पैसा झाला. तो पैसा बाहेर न्यायला सरकारने मोकळीक दिली नव्हती आणि निर्यात क्षेत्रात गुंतवला तर करात सवलत होती. त्यामुळे साखरेचे मालकच कापड-स्वेटरात उतरले. इतर देशांत अशा क्षेत्रांत सगळा पैसा परदेशी असतो, इथे जवळपास निम्मा बेटावरचा होता. हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

दुसरं, १९७५ चा साखर करार. युरोपने दर वर्षी मॉरिशसची ४,८७,२०० टन साखर ठरल्या भावाने घ्यायची. करारातल्या सगळ्या देशांत सर्वांत मोठा वाटा याच बेटाचा. कित्येक वर्षं हा भाव जगाच्या बाजाराच्या दुप्पट-तिप्पट होता. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, काय असते ते आम्हाला विचारा. भाव आधी माहीत असला की माणूस पुढचं बघू शकतो. बँक दारात उभी राहते, पोराला शाळेत घालता येतं. भाव माहीत नसला की सगळं आयुष्य गाळपाच्या तारखेकडे डोळे लावण्यात जातं.

मी २०१४ साली शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यातून तिकडे गेलो होतो. जमीन पाहून हबकलो. काळ्या कातळाचे दगड, शेतातच रचून ठेवलेले ढीग, छोट्या टेकड्यांएवढे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच माणसांनी, भारतातून करारावर नेलेल्या गिरमिटिया मजुरांनी, हातांनी उचलून रचलेले. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक, सहा-सात वेळा घेतात, आपण तिसऱ्यालाच मोडतो. कारण विचारलं तर एका म्हाताऱ्याने सांगितलं, दगडातून पुन्हा सरी कोण पाडणार?

आणि छोटे शेतकरी तिथेही आहेत. १८८० नंतर मोठे मालक अडचणीत आले तेव्हा त्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या. गिरमिटियांनी साठवलेल्या पैशांतून त्या घेतल्या. पतसंस्था १९१३ पासून आहेत. फक्त साखर कारखाना मात्र मालकांचाच राहिला, सहकाराचा झाला नाही. ते मला फार लागलं.

---

मनोहर_ठाणे

चांगली चर्चा. थोडा विरोधी सूर लावतो.

चमत्कार वगैरे शब्द जपून वापरायला हवेत. साखरेचा तो भाव दोन वर्षांत कोसळला. सरकारने चांगल्या दिवसांत पगार वाढवले, तांदूळ-पिठावर अनुदान दिलं, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केलं, मग हात आखडले. त्यात १९७९ मध्ये तेल महागलं, चक्रीवादळांनी ऊस झोपवला. १९७९ मध्ये रुपयाचं ३० टक्के अवमूल्यन, १९८१ मध्ये पुन्हा २० टक्के, नाणेनिधीच्या अटी. १९८२ ला लोकांनी रामगुलामांच्या पक्षाला असं फेकलं की मुख्य बेटावरच्या सगळ्या ६० जागा विरोधकांना गेल्या. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची पहिली चौदा वर्षं यशाची कहाणी नाहीच. १९८३ नंतर युरोपची बाजारपेठ सुधारली, तेल उतरलं, हाँगकाँगचे लोक घाबरून आले. नशिबाचा भाग मोठा आहे.

साखर आणि स्वेटर यांनंतरचा तिसरा खांब, तिथे नोंदवलेल्या कंपन्यांचा, त्यावर तर कुणी बोललंच नाही. भारत आणि मॉरिशस यांच्यातला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १९८२ चाच. नव्वदनंतर भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीचा केवढा हिस्सा त्या वाटेने आला ते सगळ्यांना माहीत आहे.

---

खोडवा_वाळवा

मनोहरराव, मोफत शिक्षणाला तुम्ही हात आखडायचं कारण धरलंत. पण १९८५ साली लिंकिंगवर बसलेली पोर १९७७ ला सहावी-सातवीत असणार. सूचना वाचता येणारी, हिशेब कळणारी पोर कारखान्याला मिळाली ती कशामुळे? तो खर्च वसूल झाला.

---

मनोहर_ठाणे

मान्य. हा दुवा माझ्या लक्षात आला नव्हता. आणि ते शिक्षणही फुकट पदरात पडलेलं नाही, २० मे १९७५ ला हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, पोलिसांनी अश्रुधूर सोडला होता. त्यानंतर मिळालं.

---

वाक्वाची_लेक

नमस्कार सर्वांना. मी मॉरिशसची. आमच्या पूर्वजांना रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून आणलं होतं. मराठी मी शाळेत आणि मग मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत शिकले. घरी आम्ही क्रेओल, म्हणजे इथली फ्रेंचवरून आलेली बोली, बोलतो. हा धागा मी दोन दिवस वाचते आहे आणि काल आईला वाचून, क्रेओलमध्ये करून सांगितला.

विणकरदादा, माझी आई लिंकिंगवरच होती. तुमच्या कारखान्यात नाही, दुसऱ्या एका. १९८४ मध्ये लागली, तेव्हा सतरा वर्षांची. आम्ही कारखान्याला लिझिन म्हणतो आणि या सगळ्या कामाला झोन. 'ती झोनमध्ये आहे' म्हटलं की कळतं. सुरुवातीला हे चांगलं मानत नसत. आजा म्हणाले होते, झोनमध्ये गेलेल्या मुलीला कोण करून घेणार? आजा तर तोपर्यंत ऊस तोडायचे, तब्येत गेली होती. आजीने ठरवलं. आजीने आयुष्यभर मळ्यात गवत काढलं होतं, डोक्याला कापड गुंडाळून, पावसात पाठीवर पोतं घेऊन. ती म्हणाली, पोरगी छपराखाली बसून काम करेल, एवढं पुरे.

पहिला पगार आईने आजीच्या हातात दिला. आजीने तो चिनी दुकानात नेला. आमच्याकडे त्या दुकानात वही असते, तिला कार्ने म्हणतात. महिनाभर उधार, पगारावर फेड. ती वही आजीच्या लग्नापासून कधी पूर्ण फिटली नव्हती. त्या दिवशी फिटली. आई सांगते, दुकानदाराने आडवी रेघ मारली आणि आजी बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली.

मग घर. १९७५ च्या गेर्वेज वादळात आमचे पत्रे गेले होते, तेव्हापासून अर्ध्या घरावर जुने पत्रे दगड ठेवून बसवलेले. आईच्या आणि मावशीच्या पगारातून स्लॅब पडला. पाहुणे विचारतात की इथे प्रत्येक घराच्या गच्चीवर लोखंडी सळ्या उघड्या का सोडल्यात, घर अपुरं का? अपुरं नाही. वर मुलाचा मजला होणार असतो. आमच्या सळ्या वीस वर्षं तशाच होत्या.

आई लग्नानंतरही कामाला जात राहिली. आम्ही दोघंच भावंडं, आजीला आठ मुलं झाली होती. कुटुंबनियोजनाबद्दल तुम्ही लिहिलंत, पण आमच्या गल्लीत सगळ्या बायका सांगतील की पगार हातात आल्यावर बाईच्या शब्दाला घरात वजन आलं, म्हणून मुलं कमी झाली.

आता न आवडणारं सांगते. कापडाचे कोटे २००४ च्या अखेरीला संपले. त्याच्या आसपास आईचा कारखाना बंद झाला. एका शुक्रवारी गेटवर कागद. वीस वर्षांची नोकरी आणि नुकसानभरपाई इतकी थोडी की आईने आकडा आम्हाला कधी सांगितला नाही. वय अडतीस. दुसऱ्या ठिकाणी तोपर्यंत बांगलादेश आणि चीनहून मुली आणल्या होत्या, वसतिगृहात राहायच्या, रात्रपाळी करायच्या. आई त्यांच्यावर कधी रागावली नाही. म्हणायची, त्यांच्याही आजीची वही असेल.

---

सागरिका

ताई, तुमच्या आजींच्या त्या रेघेने डोळ्यांत पाणी आलं. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

गोदातीर

वाक्वाच्या ताईंनी लिहिलं ते वाचल्यावर दोन माणसं आठवावीशी वाटतात, जी या गोष्टीतून निसटतात.

एक म्हणजे गोदीतले हमाल. साखर पोत्यांतून जायची, आणि पोती बेटावरच विणायचे, आपल्याकडच्या घायपातासारख्या एका झाडाच्या धाग्यापासून. गोदीत खांद्यावरून पोती चढवणारे हजारो. १९७१ च्या डिसेंबरात त्यांनी संप केला, सरकारने आणीबाणी लावली, पॉल बेरांजेंसारखे तरुण पुढारी तुरुंगात गेले. १९७२ मध्ये व्हायची निवडणूक १९७६ पर्यंत झालीच नाही. आपल्याला १९७५ ची आणीबाणी आठवते, मॉरिशसची त्याआधीची. मग १९८० मध्ये पोर्ट लुईत साखर सुटी भरायचं टर्मिनल सुरू झालं, पट्ट्यावरून साखर थेट जहाजात. हमाल गेले, पोतीही गेली, आणि पोती विणणाऱ्या बायकाही. नवा उद्योग उभा राहिल्याचं सगळे सांगतात, हा जुना कधी बुडाला ते कुणाला माहीत नसतं.

दुसरे हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचे लोक. स्वातंत्र्य देण्याआधी १९६५ मध्येच ब्रिटनने ती बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली, त्यांतल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून. तिथे नारळाच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं १९७३ पर्यंत उचलून पोर्ट लुईच्या धक्क्यावर आणून सोडली. खोबरं काढणं आणि मासेमारी एवढंच येणारी माणसं, बेकारीने भरलेल्या शहरात. त्यांना ना ऊस कळत होता ना स्वेटर. भरपाई कित्येक वर्षांनी, तीही तुटपुंजी. मॉरिशसच्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून मला पहिल्यांदा तेच आठवतात.

---

विणकर_इचलकरंजी

सगळ्यांचे आभार. धागा काढताना एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

खोडवा, तुमचं बरोबर आहे, मी साखर फार लवकर सोडली. आमच्या कारखान्याच्या भागधारकांत साखरेचे जुने मालक होते हे मला शेवटच्या वर्षी कळलं. म्हणजे ज्या मळ्यात एखादीची आजी गवत काढत होती, त्याच पैशाने उभ्या राहिलेल्या छपराखाली नात बसली होती. मनोहरराव, नशीब होतंच. पण नशीब दारात आलं तेव्हा दार उघडायला शिकलेली, वेळेवर येणारी माणसं होती. निवडणुका उशिरा का होईना होत राहिल्या, आणि हरलेला पंतप्रधान घरी गेला. १९६८ च्या जानेवारीत एकमेकांची घरं जाळलेल्या शहरात हे सोपं नव्हतं.

वाक्वाच्या ताई, तुमच्या आजींनी 'छपराखाली' म्हटलं ते वाचून मी थांबलो. मी त्या खात्यात बघायचो ते वाकलेल्या माना आणि लाल झालेले डोळे. घरातली आजी काय बघत होती ते मला कधी दिसलं नाही.

गणपतीचं सांगायचं राहिलं. १९८८ ला खात्यातल्या दोन मुलींनी मला कास्कावेलला नेलं होतं. सरकारी सुट्टी असते त्या दिवशी, आपल्याकडेही सगळीकडे नसते. आदल्या रात्री पुरुषांनी झाकरी केली. कोकणातली जाखडीच ती, गोल धरून, पायांत घुंगरू. गाण्यातले अर्धे शब्द मला कळले आणि त्यांनाही अर्धेच कळत होते, पण अर्धे वेगळे. सकाळी नदीवर विसर्जनाला कारखान्याच्या व्हॅनमधून गेलो. चालकाने व्हॅनला आंब्याचे टहाळे बांधले होते.

---

वाक्वाची_लेक

झाकरी अजून करतात, दादा. माझा भाऊ करतो.

आई विचारते आहे, तुमच्या खात्यात मशीन कुठल्या गेजची होती? ती बारावर होती, शेवटी चौदावर. आणि तिचा दुसरा प्रश्न: टाका सुटलेला पीस तपासणीत सापडला तर तुमच्याकडे पगार कापत होते का?

---

विणकर_इचलकरंजी

आईंना सांगा, आमच्याकडे सात आणि बारा. (बाकीच्यांसाठी: गेजचा आकडा जितका मोठा तितकी वीण बारीक.) चौदावर काम केलेल्या बाईला माझा दंडवत, त्यात टाका दिसतच नाही.

पगार कापत नसत. पीस परत यायचा, मुलीने तो उसवून पुन्हा करायचा. पण त्या दिवसाच्या मोजणीत तो धरला जात नसे, त्यामुळे बोनस जायचा.

---

वाक्वाची_लेक

सांगितलं. म्हणाली, आमच्याकडेही अगदी असंच.

परवा आम्ही कात्र बोर्नच्या बाजारात होतो. तिने एक स्वेटर उचलला, उलटा केला, खांद्याची शिवण नखाने चाचपली आणि परत ठेवला. मी विचारलं, नाही का आवडला? म्हणाली, चांगला आहे, पण लिंकिंग केलेलं नाही, ओव्हरलॉक मारलंय.